शुभेच्छा पुरे, नंबर द्या

दहावीच्या निरोप समारंभांचा मोसम आला की राज्यभर एकच भाषण फिरायला लागतं. गाव बदलतं, संस्था बदलते, माईकची खरखरसुद्धा बदलते. भाषण बदलत नाही.

तुमचं भविष्य उज्ज्वल आहे. अपयश ही यशाची पहिली पायरी. शाळेचं नाव मोठं करा. मग टाळ्या, एक गुलाब, एक पेन, कागदी बशीत समोसा आणि पायऱ्यांवर ग्रुप फोटो. दहा वर्षांचा हिशेब दोन तासांत मिटतो.

समोर तिसऱ्या रांगेत बसलेल्या मुलाच्या घरात सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी शिरलं होतं. वह्या गेल्या, दप्तर गेलं, गोठ्यातली गाय गेली. भाषण करणाऱ्याला हे माहीत नाही?

माहीत असेल, तर मग भाषणात ते का नाही?

मुलांना धीर देऊ नका, असं कोण म्हणेल? द्यायलाच हवा. वाईट दिवसांत तर दुप्पट द्यायला हवा. पण मोठमोठ्या शब्दांनी धीर येत नसतो. 'खचू नकोस' म्हणणारा माणूस खचल्याच्या दिवशी भेटणार आहे का, एवढंच मूल बघतं.

आणि नेमका त्याच दिवशी तो भेटत नाही.

कॅलेंडर उघडा. निरोप जानेवारी-फेब्रुवारीत. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. २०२५ चा दहावीचा निकाल लागला १३ मे रोजी, दुपारी एक वाजता. शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती. विदर्भ सोडून बाकी राज्यात शाळांची दारं उघडली १६ जूनला. मधला महिना मुलानं कोणाचं तोंड बघायचं?

धीर फेब्रुवारीत वाटला. गरज मे महिन्यात लागली.

त्या निकालात ९४.१० टक्के मुलं पास झाली. आकडा पहिल्या पानावर आला, पेढ्याचे फोटो आले, आई लेकीला भरवतेय, बाप डोळे पुसतोय. उरलेली किती? ९१ हजारांवर. वानखेडे स्टेडियम दोनदा काठोकाठ भरलं तरी ही मुलं संपत नाहीत, तिसऱ्यांदा फाटक उघडावं लागतं.

एवढ्यांसाठी कोणत्या शाळेनं सतरंजी अंथरली?

या मुलांना त्या महिन्यात सुविचार नको असतो. माहिती हवी असते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा लगेच असते. २०२५ मध्ये ती २४ जूनला सुरू झाली. तिचा अर्ज शाळेमार्फतच भरावा लागतो आणि तो निकालानंतर आठवडा उलटायच्या आत सुरू होतो. म्हणजे अर्ज शाळेमार्फत आणि शाळेला कुलूप.

ज्याचे वडील तालुक्याला नोकरीत आहेत, तो सरांचा नंबर मिळवतो, घरी जातो, अर्ज भरून घेतो. ज्याचे वडील ऊसतोडीहून नुकते परतलेत, त्याला असा अर्ज असतो हेच जुलैत कळतं.

तेव्हा परीक्षा झालेली असते.

मुलींचं तर बोलायलाच नको. पण बोललंच पाहिजे. गणित राहिलं की घरात एक वाक्य ठरलेलं असतं, 'आता बस झालं शिक्षण.' मे महिना लगीनसराईचा. पाहुणे येऊन जातात, पोहे होतात, पंधरा-सोळा वर्षांची पोर बघितली जाते. गणिताच्या एका पेपरचं अंतर होतं, एका पेपरचं! ते जूनमध्ये कापता आलं असतं, हे तिच्या बापाला सांगायला कोण गेलं?

मोठ्या बाई गेल्या असत्या तर बापानं ऐकलं असतं. गावात अजूनही मोठ्या बाईंचा शब्द सरपंचाच्या वरचा आहे.

शब्द आहे, पण सुट्टीत तो कुठे असतो?

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पुण्या-मुंबईच्या पालकांना याची सवय होती. धडगाव, भामरागड, जतच्या पालकांना हे पहिल्यांदाच करायचं होतं. आधी नोंदणी, मग कागद अपलोड, मग दहापर्यंत पसंतिक्रम. पहिल्याच दिवशी, २१ मे रोजी, संकेतस्थळ कोलमडलं आणि नोंदणी पुढे ढकलली गेली. मुलं सायबर कॅफेबाहेर ताटकळली.

कोणता क्रमांक कुठं टाकायचा, हे त्यांना कॅफेवाल्यानं सांगितलं. शिक्षकानं नाही.

निरोपाच्या भाषणात 'ध्येय निश्चित करा' असं दहा वेळा सांगतात. पसंतिक्रम कसा भरायचा, हे एकदा सांगा ना! ध्येयाकडे जायची बस त्याच फॉर्मवरून सुटते.

कठीण काळ म्हणजे काय, हे ज्यांना खरंच कळलं, त्या तीन बॅचकडे जरा वळू. त्या आता कॉलेजात आहेत, नोकरीत आहेत, काही शेतात आहेत. त्यांच्याबद्दल आपण फार लवकर बोलणं थांबवलं.

२०२० ची बॅच. २३ मार्चला भूगोलाचा पेपर होता. मुलांनी नकाशे घोकले होते, पेन्सिली टोकदार केल्या होत्या. तो पेपर झालाच नाही. आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला, मग इतर विषयांच्या सरासरीनं गुण दिले. या बॅचला शेवटच्या पेपरनंतर शाईचे शिंतोडे उडवता आले नाहीत, मित्राच्या शर्टावर सही करता आली नाही.

शाळा त्यांनी सोडली नाही. शाळाच त्यांच्या हातून सुटली.

२०२१ ची बॅच. यांच्यासाठी शाळा म्हणजे मोबाईलचा पडदा. घरात एक मोबाईल, तो बाबांसोबत कामावर. बाबा घरी आले की रात्री आठला सकाळचा तास. सिंधुदुर्गात रेंजसाठी मुलं डोंगरावर चढली, पावसात ताडपत्रीखाली बसली. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असं तेव्हा सरकार सांगत होतं. शिक्षण होतं, पण ते डोंगराच्या माथ्यावर होतं आणि मूल पायथ्याशी.

तरी मुलं चढली. याचं कौतुक कोणत्या गुणपत्रिकेत आलं?

मग २० एप्रिल २०२१ ला परीक्षाच रद्द झाली. नववीचे पन्नास, दहावीचे अंतर्गत पन्नास, अशी बेरीज ठरली. १६ जुलैला निकाल लागला ९९.९५ टक्के. संकेतस्थळ बंद पडलं, मुलं तासन्‌तास बोटानं पडदा खाली ओढत राहिली. निकाल हाती आला आणि सगळीकडून एकच ऐकू आलं, 'तुमची काय, करोना बॅच!'

सोळा वर्षांच्या मुलाला यापेक्षा मोठा टोमणा कोणता? त्यानं मागितली होती का ही सूट?

अकरावीसाठी सीईटी होणार म्हणून मुलं परत अभ्यासाला बसली. २१ ऑगस्टला परीक्षा होती. १० ऑगस्टला उच्च न्यायालयानं ती रद्द केली. न्यायालयाचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. महासाथीत लहान मुलांना परत केंद्रावर ढकलणं योग्य नव्हतंच. पण एका वर्षात दोन परीक्षांची तयारी आणि एकही परीक्षा नाही, असं ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांच्या मनाचं काय झालं, हे त्यांच्या शाळेनं विचारलं?

आणि फी? परीक्षा शुल्क म्हणून मुलांनी ४१५ रुपये भरले होते. परीक्षा झालीच नाही म्हणून वाद न्यायालयापर्यंत गेला. दहावीच्या मुलाला परत किती मिळाले? ५९ रुपये.

बारावीला ९४.

कित्येक पालक तेव्हा कामाविना घरात बसले होते, काहींच्या घरात दवाखान्याची बिलं पडली होती. ५९ रुपयांत तेव्हा अर्धा लिटर गोडं तेल येत नव्हतं. व्यवस्थेला मुलाच्या कठीण काळाची किती कदर आहे, हे भाषणातून कळत नाही. परताव्याच्या रकमेतून कळतं.

२०२२ ची बॅच. यांच्या नशिबी दोन्ही आलं. दीड वर्ष पडद्यासमोर काढलं, शाळा उघडल्या आणि एसटी बंद झाली. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिलपर्यंत चालला. दहावीचे पेपर १५ मार्च ते ४ एप्रिल. कामगारांची भांडणं खरी होती, घरं उद्ध्वस्त झाली होती त्यांचीही. पण वाडीवरचं मूल सात-आठ किलोमीटर चालून शाळेत आलं, हेही तितकंच खरं. मंडळानं ज्या त्या शाळेत परीक्षा केंद्र दिलं, पेपरला वेळ वाढवून दिला, अभ्यासक्रम पाऊण केला. हे चांगलं केलं. मनापासून चांगलं केलं.

फक्त चालत आलेल्या मुलाला पाणी कोणी विचारलं, त्याची नोंद नाही.

काहींनी विचारलं. त्यांचं नाव घेतलंच पाहिजे. सोलापूरच्या नीलमनगरात यंत्रमाग कामगारांची वस्ती आहे. शाळा बंद असताना तिथल्या आशा मराठी विद्यालयानं घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मोबाईल नाही? भिंत तर आहे. मूल दूध आणायला निघालं की वाटेत गणित, वाण्याकडे निघालं की व्याकरण.

त्या शाळेनं मुलांना 'हिंमत ठेवा' म्हटलं की नाही, मला माहीत नाही. रंगाचा डबा घेऊन दारात आली, एवढं पुरे.

दारात येण्यावरून टेक्सस आठवलं. २०२० मध्ये तिथल्या वायली हायस्कूलचा पदवी समारंभ टाळेबंदीत अडकला. प्राचार्य वर्डी मॉन्टगोमेरी यांनी गाडी काढली आणि शेवटच्या वर्षाच्या ६१२ मुलांच्या घरी एकेक करून गेले. बारा दिवस लागले. माईक नव्हता, मंच नव्हता, प्रमुख पाहुणे नव्हते.

आमच्याकडे गाडी कुठे, असं म्हणू नका. आपल्या शाळेत दहावीचा पट साठ-सत्तरचा आणि निम्मी मुलं एका हाकेच्या अंतरावर.

शब्दांनीच धीर द्यायचा, तर तो कसा द्यावा? जपानमधलं एक पत्र सांगतो. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला, त्सुनामीनं ईशान्येचा किनारा धुऊन नेला. टोकियोशेजारच्या सैतामा प्रांतातल्या रिक्क्यो नीझा हायस्कूलनं आपला निरोप समारंभ रद्द केला. मुख्याध्यापक केंजी वातानाबे यांनी बाहेर पडणाऱ्या मुलांना पत्र लिहिलं आणि शाळेच्या संकेतस्थळावर ठेवलं. ते देशभर वाचलं गेलं, त्याच वर्षी त्याचं पुस्तक निघालं.

असं काय होतं त्यात? विद्यापीठात कशासाठी जाता, असा त्यांनी मुलांना सरळ प्रश्न विचारला. अभ्यास इतरत्रही होतो, दोस्त इतरत्रही मिळतात. तिथं मिळतो तो स्वतःचा वेळ. त्या वेळात कधी एकट्यानं समुद्राकडे बघा, असं सांगितलं. समुद्रानं हजारो माणसं गिळून काहीच दिवस झाले होते आणि हा माणूस मुलांना समुद्राकडे बघायला सांगत होता.

यश मिळेल, असं वचन त्यांनी दिलं नाही. म्हणूनच मुलांनी विश्वास ठेवला.

आपल्या भाषणांची अडचण इथंच आहे. 'सगळं ठीक होईल' हे वाक्य आपल्याला फार लवकर सुचतं. ठीक होईलच, हे कोणाला माहीत आहे? ज्याच्या बापानं कर्जापायी जीव दिला, त्याला ठाऊक असतं की ठीक झालेलं नाही. त्याच्यासमोर 'संकट हीच संधी' म्हणणं, हा त्याच्या दुःखाचा अपमान आहे.

त्याला सांगायचं काय मग?

हे सांगा. आई किंवा वडील गमावलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजना आहे. महिन्याला २२५० रुपये मिळतात, अठरा वर्षांपर्यंत. म्हणजे अकरावी-बारावीचा पास, पुस्तकं, खोलीभाड्यातला वाटा. अर्ज कुठं करायचा, कोणते कागद लागतात, तलाठ्याकडून कोणता दाखला आणायचा, हे शाळेनं सांगायचं. जमलं तर एक शिक्षक सोबत पाठवायचा.

भाषणातल्या दहा सुविचारांपेक्षा हे एक वाक्य त्या मुलाला पुढच्या वर्गात नेतं.

दुष्काळ किंवा पूर आला की सवलतींच्या यादीत परीक्षा शुल्क माफी असते. ३१ ऑक्टोबर २०१८ ला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, २०२३ मध्ये त्याच तारखेला ४० तालुक्यांत. शुल्क आधी भरून झालेलं असतं, म्हणून ते खात्यावर परत यायचं. खात्याची माहिती पाठवायची कोणी? शाळेनं. ज्या शाळेनं पाठवली नाही, तिथल्या मुलाला दुष्काळ मिळाला, माफी नाही.

एसटीचंही तसंच. मुलींना बारावीपर्यंत प्रवास मोफत आहे, मुलांना पासात दोन तृतीयांश सूट आहे. २०२४ च्या जूनपासून एसटीनं पास थेट शाळेत आणून द्यायला सुरुवात केली. फार चांगली योजना. आगारासमोरच्या रांगा वाचल्या. पण यादी मुख्याध्यापकानं पाठवायची असते.

यादी गेली नाही, तर मूल पुन्हा रांगेत. आणि मुलीचा एक दिवस बुडाला की घरातून लगेच आवाज येतो, कशाला जायचं रोज एवढ्या लांब?

मुख्याध्यापकांना झोडपणं सोपं आहे. मला ते करायचं नाही. बघा ना त्यांच्याकडे. कित्येक शाळांत पद रिकामं, प्रभारी माणूस खुर्चीत, त्याच्याकडे स्वतःचे तासही. खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, अपार आयडी, निवडणुकीचं काम, संस्थाचालकांची मर्जी. संध्याकाळी सहाला पोर्टल उघडतं, रात्री दहाला बंद पडतं. हा माणूस मुलांशी कधी बोलणार?

सरकारला मुख्याध्यापक हवा आहे की कारकून, हे एकदा ठरवा.

मंडळ दरवर्षी परीक्षेआधी समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. चांगलं आहे. पण पेपरच्या भीतीनं फोन करणारी मुलं वेगळी आणि निकालाच्या दिवशी घराबाहेर पडून तळ्याकाठी बसणारी वेगळी. दुसऱ्या मुलाच्या खिशात नंबर नसतो. १४४१६ हा मानसिक आधारासाठीच्या टेलिमानसचा नंबर आहे, दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही बोलतात. १०९८ हा मुलांच्या मदतीचा. पाच आकडे आणि चार आकडे. गुलाबाच्या देठाला चिठ्ठी बांधली तरी मावतील.

किती शाळांनी बांधली?

शाळा सोडल्याच्या दाखल्याचं एक जुनं दुखणं आहे माझं. माझ्या वर्गातला एक मित्र. वडिलांची नोकरी त्याच वर्षी सुटलेली. निरोपाच्या दिवशी आमच्या शाळेत कर्मवीर भाऊरावांची गोष्ट सांगितली गेली. साताऱ्याच्या वसतिगृहातलं धान्य संपलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. सांगणाऱ्याचा आवाज भरून आला, आमचेही डोळे भरले.

जूनमध्ये त्याच शाळेनं थकलेल्या फीसाठी माझ्या मित्राचा दाखला अडवला.

आयटीआयची मुदत गेली. त्यानं एक वर्ष विटा उचलल्या. पुढच्या वर्षी प्रवेश घेतला, आज त्याचं चांगलं चाललंय. हे तो हसून सांगतो, मला अजून हसता येत नाही. लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगणाऱ्याकडे मंगळसूत्र मोडण्याची मागणी कोणी केली नव्हती. एक सही मागितली होती.

आजही दाखले अडतात. खासगी शाळांत तर उघडपणे. टाळेबंदीनंतर फी थकलेल्या किती पालकांनी कार्यालयाच्या काचेपुढे हात जोडले असतील! मुलानं ते पाहिलेलं असतं. त्याच्या हातात मग पेन द्या, गुलाब द्या, वर 'शाळेला विसरू नका' म्हणा.

तो विसरणार नाहीच.

आता आयटीआयचं नाव निघालंच आहे, तर हेही विचारतो. राज्यात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. वीजतंत्री, जोडारी, वेल्डर, डिझेल मेकॅनिक. यांची नावं निरोपाच्या भाषणात कधी ऐकलीत? डॉक्टर, इंजिनीअर, कलेक्टर, सैन्यात अधिकारी, झालं. ज्या वर्गातली बरीच मुलं मोटार दुरुस्ती, गवंडीकाम, शेती, दुकानाकडे जाणार, त्या वर्गासमोर कलेक्टरचं एकच दार दाखवायचं आणि बाकी मुलांना गप्प बसवायचं.

ज्याचं काम भाषणात नाही, त्याला वाटतं आपण आयुष्यातच नाही.

निकालानंतर चौकात फ्लेक्स लागतो. नव्वदच्या पुढचे फोटो. खाली मुख्याध्यापकांचा फोटो, त्याहून मोठा संस्थाध्यक्षांचा. वडील गेल्यावर पहाटे दूध घालून, दिवसा शाळा करून ५२ टक्के मिळवणारी पोर त्या फ्लेक्सखालून जाते. तिच्या ५२ ला किती लागले असतील, याचा अंदाज फ्लेक्स छापणाऱ्याला नसेल.

वर्गशिक्षकाला असतो. त्यानं तिच्या घरी जावं. पेढा तिनं द्यायचा नाही, त्यानं न्यायचा.

मोठं काही मागत नाहीये मी. महाराष्ट्रानं याहून किती मोठं करून दाखवलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. हजारो माणसं गेली, शाळा गेल्या, मास्तर गेले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं त्या भागातली बाराशे मुलं पुण्याला आणली. राहायला छप्पर, जेवायला ताट, शिकायला वर्ग दिला. त्या मुलांना 'धीर धरा' असंही कोणी म्हटलं असेल.

आधी ताट वाढलं होतं.

यंदाच्या निरोपाला मुख्याध्यापकांनी हार घेऊ नये, पाहुणा बोलावू नये, असं मी म्हणणार नाही. मुलांना समारंभ हवा असतो. साड्या नेसायच्या असतात, फोटो काढायचे असतात, रडायचंही असतं. ते सगळं होऊ दे. दोन वर्षं ते हिरावलं गेलं तेव्हा त्याची किंमत कळली.

फक्त भाषण दहा मिनिटं आटोपतं घ्या. उरलेल्या वेळात खाली उतरा. शेवटच्या रांगेपासून सुरुवात करा. प्रत्येकाला विचारा, पुढे कुठं जाणार? कसा जाणार? घरी कोण आहे? साठ मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं. दोन तास.

संस्थाध्यक्षांच्या मनोगताला तेवढेच लागतात.

आणि उन्हाळ्यात, निकालाच्या दिवशी शाळेचं ऑफिस उघडा. सगळ्या शिक्षकांना बोलावू नका, सुट्टी त्यांच्या हक्काची आहे. एक शिक्षक, एक कारकून, एक संगणक, शिपाईकाका आणि माठात गार पाणी. पुढचे आठ दिवस आळीपाळीनं. त्या आठवड्याची बदली रजा शिक्षण खात्यानं द्यावी, न मागता द्यावी. पास झालेली मुलं मिरवायला येतील. नापास मुलं बहुधा दुसऱ्या दिवशी येतील, उन्हं कलल्यावर, कोणी बघत नाही ना ते बघून.

दार त्या वेळेलाही उघडं हवं.

निरोपाच्या दिवशी नववीची मुलं फळा सजवतात. रंगीत खडूंनी वेलबुट्टी, मधोमध ठसठशीत 'निरोप समारंभ', कोपऱ्यात पणती. खाली वीतभर जागा रिकामी राहते. मोठ्या सरांनी तिथं आपला मोबाईल नंबर लिहावा, मोठ्या आकड्यांत, मागच्या बाकावरून दिसेल असा.

आणि निकालाच्या दिवशी दुपारी एकनंतर फोन वाजला, की उचलावा.